दुरुस्तीचा खर्च कोणाचा?

१४ ऑक्टोबर २०२५ हा मंगळवार नागपुरात इतर कोणत्याही मंगळवारासारखाच गेला. दिवाळी आठवड्यावर येऊन ठेपली होती, सीताबर्डीवर खरेदीची झुंबड होती आणि शाळा-महाविद्यालयांना सुटीचे वेध लागले होते. त्याच दिवशी विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमला तिच्या निर्मात्या मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून दरमहा मिळणारी विनामूल्य सुरक्षा-दुरुस्ती थांबली. २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आलेली ही प्रणाली दहा वर्षांहून अधिक काळ शाळांच्या संगणक कक्षांत, कचेऱ्यांत, पतसंस्थांत आणि घरोघरी राबली. मुदत संपली म्हणून यांपैकी एकही यंत्र त्या दिवशी बंद पडले नाही. पडदे उजळत राहिले, टंकलेखन चालू राहिले, पावत्या निघत राहिल्या. डोळ्यांना काहीच दिसले नाही आणि नेमके म्हणूनच या घटनेची दखल कोणी घेतली नाही. पंखा बंद पडला तर तक्रार होते, छत गळू लागले तर अर्ज जातो; परंतु दाराचे कुलूप आतून झिजत चालले आहे हे चोर येऊन जाईपर्यंत कळत नाही. संगणकाच्या सुरक्षा-दुरुस्तीचा प्रश्न हा असा आतून झिजणाऱ्या कुलपाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा आहे अशी एक सोयीची समजूत आपल्याकडे रूढ आहे. वास्तविक तो जितका तंत्राचा, तितकाच अर्थशास्त्राचा आणि सार्वजनिक नीतीचा आहे. दोष कोणाचा, दुरुस्ती कोणी करावयाची, तिचा खर्च कोणी सोसावयाचा आणि ती न झाल्यास नुकसान कोणाच्या माथी, या चार प्रश्नांची उत्तरे आज एकमेकांशी जुळत नाहीत. सगळ्या गोंधळाचे मूळ तेथे आहे.

ठिगळाचे शास्त्र

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचे सारे व्यवहार चालविणारी मूळ आज्ञावली. तिच्यात कोट्यवधी ओळी असतात. इतका मोठा मजकूर निर्दोष लिहिणे मानवी आवाक्याबाहेरचे आहे. मुद्रितशोधकाने चार वेळा तपासलेल्या ग्रंथातही चुका राहतात. परंतु ग्रंथातील चुकीतून कोणी घरात शिरत नाही, संगणकाच्या आज्ञावलीतील चुकीतून शिरता येते. म्हणून दोष सापडेल तसा तो बुजविणारा लहानसा जोड तयार करावा लागतो. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००३ पासून या दुरुस्त्यांसाठी प्रत्येक महिन्याचा दुसरा मंगळवार मुक्रर केला आणि जगभरचे संगणक-व्यवस्थापक तेव्हापासून त्या दिवसाकडे डोळे लावून बसू लागले.

या दुरुस्तीत एक विलक्षण अडचण दडलेली आहे. दुरुस्ती जाहीर होते तेव्हा दोष कोठे होता हेही आपोआप जाहीर होते. आधीची आज्ञावली आणि नंतरची आज्ञावली शेजारी ठेवून पाहिली की जाणत्या चोराला भगदाडाची जागा सापडते. गावात दवंडी पिटावी की अमुक बनावटीची कडी धक्का दिला असता निघते, नवी कडी चावडीवर फुकट मिळेल, तसाच हा प्रकार आहे. जो त्याच दिवशी जाऊन कडी बदलतो तो सुरक्षित होतो आणि जो उद्यावर टाकतो तो दवंडीपूर्वी होता त्याहूनही अधिक धोक्यात येतो. मुदत संपलेल्या प्रणालीची स्थिती तर आणखी बिकट असते. विंडोज ११ ही विंडोज १० ची धाकटी बहीण. दोघींच्या घडणीत पुष्कळसा भाग समान आहे. धाकटीची दुरुस्ती दरमहा जाहीर होत राहणार, म्हणजे थोरलीची दुखणीही चव्हाट्यावर येत राहणार. तिला औषध मात्र मिळणार नाही.

एकोणसाठ दिवस

उशिराची किंमत काय असते याचा धडा जगाला २०१७ साली मिळाला. विंडोजमधील एक गंभीर दोष बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी प्रसृत केली. हा दोष अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला आधीच ठाऊक होता आणि त्याचा वापर करण्याचे हत्यार तिने बनवून ठेवले होते, ही गोष्ट पुढे उघड झाली. ते हत्यार एप्रिलमध्ये चोरांच्या एका टोळीने जगजाहीर केले आणि १२ मे रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर विषाणू त्याच्या आधारे सुटला. संगणकातील कागदपत्रांना कुलूप घालावयाचे आणि किल्लीसाठी पैसे मागावयाचे, ही त्याची रीत. सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक यंत्रे काही दिवसांत बाधित झाली. भारतात आंध्र प्रदेश पोलिसांच्या काही संगणकांनाही त्याची झळ लागली.

दुरुस्ती उपलब्ध झाल्यापासून हल्ल्यापर्यंत एकोणसाठ दिवस गेले होते. कुलूप फुकट वाटले गेले होते. ते लावावयाचे तेवढे राहून गेले होते. सुरुवातीला सर्वांनी दोष जुन्या विंडोज एक्सपीला दिला, कारण तिची मुदत ८ एप्रिल २०१४ लाच संपली होती. पण नंतरच्या तपासणीत बाधित यंत्रांपैकी बहुतेक विंडोज ७ वर चालणारी आढळली आणि त्या प्रणालीला तेव्हा नियमित दुरुस्ती मिळत होती. म्हणजे निर्मात्याने दिले, पण घेणाऱ्याने घेतले नाही. इंग्लंडमधील शासकीय आरोग्यसेवेच्या २३६ विश्वस्त संस्थांपैकी किमान ८१ संस्थांचे काम या हल्ल्याने विस्कळीत झाले आणि हजारो रुग्णांच्या तपासण्या व शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. साध्या, प्राथमिक काळजीने हे टळू शकले असते, असा निष्कर्ष तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नोंदविला. त्या रुग्णांपैकी कोणीही संगणकाची दुरुस्ती टाळली नव्हती. टाळली दुसऱ्यांनी आणि खाटेवर ताटकळले ते.

न्हावा शेवाचा धडा

वॉनाक्रायला सात आठवडे होतात न होतात तोच, २७ जून २०१७ रोजी, 'नॉटपेट्या' नावाचा दुसरा आणि अधिक विध्वंसक विषाणू पसरला. या वेळी आघात महाराष्ट्राच्या दारात झाला. न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एक मोठे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहाकडून चालविले जात होते. समूहाचे संगणक जगभर एकाच वेळी कोसळले आणि त्या टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले. कोणता कंटेनर कोठे ठेवला आहे, तो कोणत्या जहाजावर चढवावयाचा, हे सांगणारी यंत्रणाच मुकी झाल्यावर अजस्र क्रेन असून उपयोग काय? हाताने नोंदी करून काम पुढे रेटण्याची वेळ आली.

नागपूर समुद्रापासून शेकडो कोस दूर असले तरी न्हावा शेवापासून दूर नाही. विदर्भातून परदेशी जाणारा माल येथून कंटेनरमध्ये भरून रेल्वेने त्याच बंदराकडे रवाना होतो. तेथील टर्मिनलचा संगणक आजारी पडला की येथल्या कारखानदाराचा माल वाटेत अडतो आणि हमालाची रोजीही अडते. आणि या आजाराचा उगम तरी कोठला? युक्रेनमध्ये कर-हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या एका आज्ञावलीच्या अपडेटमध्ये हल्लेखोरांनी विष कालविले होते. आत शिरल्यावर त्या विषाणूने मार्च महिन्यातील त्याच न बुजविलेल्या भगदाडाचा वापर केला. शिवाय एका यंत्रातून चोरलेले परवलीचे शब्द वापरून तो वेळेवर दुरुस्त केलेल्या यंत्रांतही घुसला. एकाच्या ढिलाईने शेजारचा सावध माणूसही बुडतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

मर्स्कने आपले नुकसान पंचवीस ते तीस कोटी डॉलरच्या घरात सांगितले. सुमारे चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले, असे समूहाच्या अध्यक्षांनी २०१८ च्या जानेवारीत दावोस येथे सांगितले. या पुनर्बांधणीला लागणारी अत्यावश्यक माहिती जगभरच्या कार्यालयांतून नष्ट झाली होती. ती वाचली होती फक्त घाना देशातील एका कार्यालयात, कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेलेली होती, असे नंतर प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतावरून कळते. भारनियमनाचे दिवस पाहिलेल्या विदर्भातील वाचकाला यावर हसू येईल. परंतु कोट्यवधी डॉलरची उलाढाल अखेर एका वीज-खंडाच्या योगायोगावर तरली, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी खचितच नाही.

औषधच बाधते तेव्हा

इतके सारे ठाऊक असूनही माणसे दुरुस्ती का टाळतात? त्यांना अडाणी अथवा आळशी ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. दुरुस्तीचाही त्रास होतो, हा त्यांचा अनुभव आहे आणि तो खरा आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० ची जी मोठी अर्धवार्षिक सुधारणा आली, तिने काही वापरकर्त्यांची स्वतःची कागदपत्रेच पुसून टाकली. कंपनीला ती काही दिवसांत मागे घ्यावी लागली आणि नोव्हेंबरच्या मध्यास ती पुन्हा देण्यात आली. २०२१ च्या उन्हाळ्यात मुद्रणयंत्रांशी संबंधित एक गंभीर भगदाड उघडकीस आले. त्यावरील लागोपाठच्या दुरुस्त्यांनंतर अनेक कार्यालयांतील प्रिंटर अडून बसू लागले. १९ जुलै २०२४ रोजी तर कहर झाला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने विंडोजवर चालणाऱ्या आपल्या संरक्षक आज्ञावलीसाठी सदोष अपडेट धाडला आणि जगभरातील सुमारे ८५ लाख यंत्रे निळा पडदा दाखवीत निपचित पडली. ते अपडेट अवघ्या ७८ मिनिटांत मागे घेतले गेले, पण तोवर व्हावयाचा अनर्थ होऊन गेला होता. भारतातील विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र देण्यात आले. तो दोष विंडोजचा नव्हता, पहारेकऱ्याचा होता. परंतु खोळंबलेल्या प्रवाशाला या भेदाचे काय सोयरसुतक?

अशा वेळी शाळेतील लिपिकाची मनःस्थिती समजून घेतली पाहिजे. परीक्षेचे अर्ज भरण्याची शेवटची तारीख आहे, वेतनदेयके आजच गेली पाहिजेत आणि पडद्यावर सूचना येते की संगणक पुन्हा सुरू करा. पुन्हा सुरू केल्यावर प्रिंटर चालेल याची हमी नाही. न चालल्यास विचारावयाचे कोणाला, हे माहीत नाही. मुख्याध्यापकांच्या दृष्टीने जबाबदार मात्र तोच. तो 'नंतर' या शब्दावर बोट ठेवतो. त्याच्या जागी बसलेला कोणताही विचारी माणूस तेच करील. कित्येक शासकीय संकेतस्थळे वर्षानुवर्षे केवळ इंटरनेट एक्सप्लोररवरच नीट चालत असत. जुन्या मराठी फाँटांत साठविलेला मजकूर नव्या यंत्रावर उमटत नसे. जुने सोडले तर काम अडते आणि जुने धरले तर धोका वाढतो, अशा कात्रीत हा वर्ग सापडला आहे. त्यातच अनधिकृत प्रतींची आपली जुनी सवय. फुकट मिळालेल्या प्रतीत अपडेट मुद्दाम बंद करून ठेवलेले असते. वाचलेल्या पैशांची ही परतफेड फार महाग पडते, हे सांगणे कटू असले तरी आवश्यक आहे.

या साऱ्यात एका प्रथेचे कौतुक केले पाहिजे. प्रत्येक दुरुस्तीबरोबर कंपनी 'ज्ञात दोषां'ची यादी प्रसिद्ध करते. आमच्या या दुरुस्तीने अमुक यंत्रावर अमुक त्रास होतो, तो आम्ही तपासत आहोत, तोवर हा तात्पुरता उपाय करा, असे तीत लिहिलेले असते. हे काही पुण्यकर्म म्हणून होत नाही. मोठ्या ग्राहकांचा आणि बाजाराचा दबाव तसे करावयास लावतो. तरीही आपली चूक तारीखवार लिहून सर्वांसमोर टांगणे ही सार्वजनिक व्यवहारातील मोठी शिस्त आहे. दुर्दैवाने ही यादी वाचण्याची सवय आपल्याकडे नाही. ती मराठीत समजावून सांगणारी व्यवस्थाही नाही. ज्याच्यासाठी ती लिहिली जाते त्या माणसापर्यंत ती पोहोचतच नाही.

जोखीम आणि जबाबदारी

अर्थशास्त्रात 'बाह्य परिणाम' नावाची एक संकल्पना आहे. कारखान्याचा धूर कारखानदाराच्या हिशेबवहीत येत नाही, पण शेजाऱ्याच्या फुप्फुसात जातो. ए. सी. पिगू यांनी १९२० मध्ये या विषयाची जी मांडणी केली, तिचा मथितार्थ असा की ज्याच्या कृतीने दुसऱ्याचे नुकसान होते, त्याला त्या नुकसानीची किंमत जाणवेल अशी व्यवस्था हवी. दुरुस्त न केलेला संगणक हा असाच धूर सोडणारा कारखाना आहे. केंब्रिज विद्यापीठाचे रॉस अँडरसन यांनी २००१ मध्ये संगणक-सुरक्षेला हाच न्याय लावला. यंत्रणा ढासळतात त्या पुष्कळदा तंत्राच्या उणिवेने ढासळत नाहीत. ज्याच्या हाती त्या राखण्याचे सामर्थ्य आहे त्याला त्या ढासळल्याची झळ बसत नाही, म्हणून ढासळतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांनी दिलेले उदाहरण बँकांचे होते. एटीएममधील गैरव्यवहाराची जबाबदारी अमेरिकेत बँकांवर टाकली गेली, म्हणून तेथील बँका सावध राहिल्या. इंग्लंडमध्ये ती बव्हंशी ग्राहकाच्या गळ्यात पडली आणि तेथील बँका सुस्तावल्या. आपल्याकडेही रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये असे ठरविले की, बँकेचा वा ग्राहकाचा दोष नसता इलेक्ट्रॉनिक व्यवहारात रक्कम गेली आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळविले तर भुर्दंड ग्राहकावर पडणार नाही. तत्त्व तेच आहे. जो धोका रोखू शकतो, त्यानेच तो वाहिला पाहिजे.

विंडोज १० च्या बाबतीत हे तत्त्व कसे वागविले गेले? मुदतीनंतर आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, दुरुस्ती हवी असेल तर घरगुती वापरकर्त्याने ३० डॉलर भरावेत, किंवा कंपनीच्या योजनेतील गुण खर्चावेत, किंवा आपली मांडणी कंपनीच्या साठवणीत ठेवण्यास राजी व्हावे, असे पर्याय कंपनीने जाहीर केले. युरोपीय आर्थिक क्षेत्रातील ग्राहकांना मात्र, ग्राहक संघटनांनी आवाज उठविल्यावर, शुल्काची आणि अशा साठवणीची अट शिथिल करण्यात आली. यंत्र तेच, दोषही तेच. फरक होता तो संघटित आवाजाचा. शिवाय विंडोज ११ साठी विशिष्ट सुरक्षा-चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे उत्तम चालणारी कित्येक यंत्रे केवळ वयामुळे बाद ठरतात. सुरक्षेसाठी ही अट आवश्यक असल्याचे कंपनी सांगते आणि त्यात तथ्यही आहे. तथापि, त्या अटीचा सर्व भार ज्याने पाच वर्षांपूर्वी कर्ज काढून मुलासाठी संगणक घेतला, त्या पालकावर का पडावा, याचे उत्तर त्या सांगण्यात नाही.

अनुदान खरेदीला, देखभाल देवावर

कंपनीकडे बोट दाखवून आपली सुटका मात्र होत नाही. मायक्रोसॉफ्टने संस्थांसाठी वाढीव मुदतीचा दर पहिल्या वर्षी प्रतियंत्र ६१ डॉलर ठेवला आणि तो दरवर्षी दुप्पट होईल असे सांगितले. शैक्षणिक संस्थांसाठी मात्र परवाना करारामार्फत हा दर पहिल्या वर्षी १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ असा जाहीर झाला. म्हणजे तीन वर्षांचे मिळून एका यंत्रामागे सात डॉलर. एका साध्या कीबोर्डची किंमत जवळपास तेवढीच असते. किती शाळांनी, किती महाविद्यालयांनी याची चौकशी केली असेल? पैसे नव्हते हे कारण येथे पुरेसे नाही. असा खर्च टाकावयाचा कोणत्या लेखाशीर्षात, मंजुरी घ्यावयाची कोणाची आणि पाठपुरावा करावयाचा कोणी, हेच कोठे ठरलेले नाही.

आपल्या सार्वजनिक जमाखर्चाची ही जुनी खोड आहे. नवी वस्तू घेण्यास अनुदान मिळते, कोनशिला बसते, छायाचित्र छापून येते. घेतलेली वस्तू राखण्यास मात्र तरतूद नसते. संगणक कक्षाचे उद्घाटन होते, पण त्यातील यंत्रांना पुढील दहा वर्षे कोण पाहणार, हा प्रश्न उद्घाटनाच्या भाषणात कधी येत नाही. भांडवली खर्च हे कर्तृत्व समजले जाते आणि आवर्ती खर्च ही कटकट.

नागपूरकरांना या खोडीची किंमत वेगळ्या संदर्भात मोजावी लागली आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या आसपासच्या वस्त्या झोपेतच पाण्याखाली गेल्या. बांधाची बळकटी, सांडव्यापुढचा मार्ग आणि प्रवाहातील अडथळे यांची चर्चा नंतर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत पोहोचली. तलाव जुना होता, पाऊस अवेळी नव्हता, पाण्याचा उतारही रातोरात बदललेला नव्हता. संगणकाच्या भाषेत बोलावयाचे तर हे सारे 'ज्ञात दोष' होते. ज्यांच्या घरात पाणी शिरले, त्यांच्या हाती ना बांध होता ना सांडवा. संगणकाचा पूर येईल तेव्हाही पाणी अशाच लोकांच्या घरात शिरेल. ज्या विद्यार्थ्याची गुणपत्रिका, ज्या निवृत्त शिक्षकाचे निवृत्तिवेतन, ज्या ठेवीदाराचे खाते त्या यंत्रात आहे, त्याला त्या यंत्राची दुरुस्ती झाली की नाही हे विचारण्याची सोयसुद्धा नसते. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या संगणक यंत्रणेवर खंडणीखोर विषाणूचा हल्ला झाला आणि राज्यभरातील कार्यालयांचे काम अडले, तेव्हा राज्यातील उद्योजकांना हा अनुभव येऊन गेला आहे.

करता येण्याजोगे

उपाय अवघड नाहीत. पहिली गोष्ट खरेदीच्या वेळची. औषधाच्या वेष्टनावर जशी मुदत छापलेली असते, तशी या यंत्राला सुरक्षा-दुरुस्ती कोणत्या तारखेपर्यंत मिळेल ही तारीख निविदेत आणि दुकानातील पावतीवर असली पाहिजे. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या अनेक ग्राहकोपयोगी वस्तूंसाठी अशी मुदत सांगणे उत्पादकांवर बंधनकारक केले. युरोपीय संघाचा २०२४ चा कायदा त्याही पुढे गेला. त्याची मुख्य बंधने डिसेंबर २०२७ पासून लागू व्हावयाची असून, उत्पादनाचे अपेक्षित आयुष्यच कमी नसेल तर किमान पाच वर्षे दुरुस्ती पुरविण्याची जबाबदारी त्याने उत्पादकावर टाकली आहे. भारताएवढ्या मोठ्या बाजारपेठेने असा आग्रह धरला तर कोणताही उत्पादक तो डावलू शकणार नाही.

दुसरी गोष्ट अंदाजपत्रकाची. संगणक खरेदीच्या प्रत्येक प्रस्तावाबरोबर त्याच्या संपूर्ण आयुष्यातील देखभालीची रक्कम स्वतंत्र लेखाशीर्षात दाखविली जावी. ती नसेल तर प्रस्तावच अपूर्ण मानावा. तिसरी गोष्ट माणसाची. प्रत्येक शाळेला तंत्रज्ञ परवडणार नाही, परंतु दहा-बारा शाळांना मिळून एक परवडेल. महिन्याचा दुसरा मंगळवार झाला की त्याने ज्ञात दोषांची यादी वाचावी, दुरुस्ती आधी एका यंत्रावर घालून पाहावी, दोन-तीन दिवस तिचे वर्तन तपासावे आणि मग इतरांवर घालावी. महत्त्वाच्या कागदपत्रांची एक प्रत जाळ्यापासून तोडून वेगळी ठेवावी. एवढी शिस्त पाळली तर लिपिकाला 'नंतर'वर बोट ठेवण्याची गरज उरणार नाही.

चौथी गोष्ट जुन्या यंत्रांची. ज्यांच्यावर विंडोज ११ चालणार नाही, ती सारी भंगारात काढणे हा अपव्यय ठरेल. केरळच्या शासकीय शाळांनी वर्षानुवर्षे लिनक्ससारख्या मुक्त प्रणालींवर संगणक-शिक्षण दिले आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने 'बॉस' ही लिनक्सवर आधारित भारतीय प्रणाली विकसित केली. मुक्त प्रणाली म्हणजे दुरुस्तीतून मुक्ती, असा मात्र कोणी गैरसमज करून घेऊ नये. तिलाही दोष असतात, तिलाही अपडेट लागते, तिच्या आवृत्त्यांनाही मुदत असते. देखभालीची शिस्त तीच राहते. वाचतो तो परवान्याचा खर्च, आणि जुन्या यंत्राला मिळते आणखी काही वर्षांचे उपयुक्त आयुष्य.

पाचवी गोष्ट प्रकटीकरणाची. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार सायबर हल्ल्याची माहिती सहा तासांच्या आत कळविणे बंधनकारक झाले. हे योग्यच झाले, परंतु ही घाव बसल्यानंतरची दवंडी आहे. घाव बसण्यापूर्वीचा हिशेबही मागितला पाहिजे. आपल्याकडे यंत्रे किती, त्यांपैकी मुदतबाह्य किती, दुरुस्ती न झालेली किती, ही संख्या प्रत्येक विद्यापीठाने, महापालिकेने आणि सहकारी बँकेने वार्षिक अहवालात द्यावी. यंत्रांची नावे वा कोठे भगदाड आहे हे सांगण्याचे कारण नाही. ताळेबंदात थकीत कर्ज दाखवितात तशी थकीत दुरुस्ती दाखवावी, एवढेच. जे मोजले जात नाही त्यासाठी तरतूद होत नाही, हा जमाखर्चाचा साधा नियम आहे.

अंदाजपत्रके तयार होण्याचा काळ दरवर्षी येतो. तेव्हा शाळा समितीच्या, महाविद्यालयाच्या नियामक मंडळाच्या आणि पतसंस्थेच्या संचालकांच्या बैठकीत एखाद्या सभासदाने, शिक्षकाने अथवा लिपिकाने उभे राहून एकच प्रश्न विचारावा: आपल्या संगणकांची सुरक्षा-दुरुस्ती कोणत्या तारखेपर्यंत आहे आणि त्यानंतरची तरतूद कोठे आहे? पुष्कळ ठिकाणी या प्रश्नावर काही क्षण शांतता पसरेल. उत्तर न मिळाल्यास तो प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घेण्याचा आग्रह धरावा. पुढच्या बैठकीत उत्तर द्यावयाचे कोणी, हे निदान त्या कागदावर ठरलेले असेल.